हेलिकॉप्टरच्या दारातला सुधीर

आज सकाळी गावावरून हेलिकॉप्टर गेलं. आम्ही सगळे वर पाहत राहिलो. शेजारचे दत्तूअण्णा तेवढे खाली मान घालून म्हशीला वैरण टाकत होते.

त्यांचा सुधीर लष्कराच्या हेलिकॉप्टरवर होता. तो चालवायचा नाही. उघड्या दारात बसून दोर सोडायचा आणि अडकलेल्या माणसांना वर ओढून घ्यायचा. डोंगरात एका आजारी जवानाला आणायला गेले असताना धुक्यात हेलिकॉप्टर कोसळलं. कुणीच वाचलं नाही. गावात भाषणं झाली, चौकात फलक लागला. अण्णा रडले नाहीत.

मग एक दिवस पूर येऊन गेलेल्या गावातली एक बाई लेकीला कडेवर घेऊन त्यांच्या दारात आली.

"पेपरात फोटो पाहिला आणि ओळखलं," ती म्हणाली. "आम्हाला यांनीच छपरावरून वर घेतलं. मी घाबरून ओरडत होते, तर म्हणाले, 'ताई, खाली पाण्याकडे बघू नका, माझ्याकडे बघा.'"

शूर, हुतात्मा हे शब्द आम्ही अण्णांना कितीदा तरी ऐकवले होते. पण सुधीरची पेटी बंदच आली होती. मुलाचा चेहरा त्यांना शेवटचा पाहता आला नव्हता, हे आमच्या कुणाच्या ध्यानातच आलं नाही.

"म्हणजे तू त्याच्या तोंडाकडे बघत होतीस?" अण्णांनी विचारलं.

"वर पोचेपर्यंत."

"कसा दिसत होता गं?"

ती ओट्यावर टेकली आणि सांगू लागली. तिचं सांगून झालं, तेव्हा अण्णांचे डोळे वाहत होते.

"परत सांग," ते म्हणाले.

तिने पुन्हा पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली.