भांडुपला मामांच्या वांग्यांत तेल लागलं

मामांनी ओळखीच्या दूधवाल्याबरोबर निरोप धाडला: मळ्यात तेल लागलंय, सुमतीला घेऊन ताबडतोब या, कुणाजवळ बोलू नका. दूधवाल्याने तो आमच्या अंधेरीच्या चाळीत जिन्यावरूनच मोठ्याने सांगितला.

पन्नासच्या दशकातली गोष्ट. ट्रॉम्बेला नुकतेच खनिज तेलाचे कारखाने उभे राहिले होते, त्यामुळे कुणाच्या मळ्यात तेल लागणं अगदीच अशक्य वाटेना. माझी बायको सुमती शाळेत शास्त्र शिकवायची. ती एवढंच म्हणाली, की आधी मामांची वांगी बघायला हवीत.

रविवारी सायकलने निघालो, ती मागे कॅरियरवर. तुम्ही कधी गेलात तर साकीनाक्यापाशी खडी आहे, तिथे उतरून चाला. कुर्ल्याला चहा-खारी घ्या, दोघांचं चार आण्यांत भागतं. घाटकोपरपासून आग्रा रोड लागतो, आणि विक्रोळीला समोरून असा वारा येतो की सायकल जागच्या जागी चालते. कॅरियरवर उशी बांधा. आम्ही बांधली नव्हती, आणि ते मला भांडुपपर्यंत ऐकावं लागलं.

मामांनी मळ्याभोवती सुतळी बांधली होती. मामी येणाऱ्यांना चपला काढायला लावत होत्या. वांग्यांच्या वाफ्यात खुर्ची टाकून लग्नातला कोट घातलेले मामा बसले होते. कणकवलीहून मामींच्या भाच्याचं लग्न उरकून परतले तर वाफे काळेकुट्ट! तेव्हापासून त्यांनी पाणी देणं बंद केलं होतं, वासावरून पारख करायला एक शेजारी ती काळी माती बाटलीत भरून घेऊन गेला होता, आणि चुलतभावाने वाटणीचा विषय काढला होता.

वांग्यांची पानं पिवळी पडून आक्रसली होती. मातीवर मेलेली गांडुळं. सुमतीने तांब्याभर पाणी ओतलं. ते मुरेना, थेंब थेंब होऊन वाफ्याच्या कडेने निघून गेलं. मग तिने कुदळ मागितली. वीतभर खाली माती तपकिरी, ओलसर, चांगली होती. त्यात एक गांडूळही वळवळत होतं.

"मामा, हे खालून आलं असतं तर खाली जास्त असतं," ती म्हणाली. "हे वरून सांडलंय."

मामा आभाळाकडे बघू लागले.

मातीच्या कणांवर तेल बसलं की पाणी आणि हवा आत जात नाही, मुळं गुदमरतात, आणि पावसाळ्यापर्यंत हे असंच राहिलं तर पाण्याबरोबर सगळ्या मळ्यात पसरेल, असं तिने समजावलं. या मळ्यावरच मामांचं घर चालत होतं. पण मामा कोटाचं बटण लावत राहिले.

तेवढ्यात जवळच्या वीटभट्टीचा मुकादम आला. मामा गावी असताना त्याची लॉरी इथेच कलंडली होती. भट्टीत जाळायला आणलेलं कच्चं तेल सांडलं, पिंपं त्याने उचलून नेली होती. आता तो तेल मागायला आला होता.

"माझ्या जमनीत गावलां, तां माझां," मामा म्हणाले.

जेवणाची वेळ टळून गेली तरी वाद मिटेना. जमलेल्यांत दोन तट पडले. मला वाटलं, आता मुकादमाला हाकलावं. सुमतीने माझा हात धरला आणि मामांच्या कानाशी वाकली.

"तेल त्याचंच आहे म्हणा. पण सगळं न्यायला लावा."

मामा खुर्चीवरून उठले आणि म्हणाले, "घेऊन जा."

जिंकलेल्या मुकादमाने बैलगाड्या आणल्या. माणसं घमेली भरभरून काळी माती भट्टीत जाळायला नेऊ लागली. कडेची थोडी राहिली, तर मामांनी त्याला परत बोलावून तीही खरवडायला लावली. मळ्यात खड्डा उरला. तेलाबरोबर वर्षानुवर्षं शेणखत घालून कसलेली मातीही गेली होती. मामा बांधावर बसले तेव्हा त्यांनी कोट काढून मांडीवर घेतला होता.

त्या खड्ड्यात शेण, पालापाचोळा आणि ताग गाडण्यात पुढचे दोन पावसाळे गेले. मग कुठे वांगी धरली, तीही बोराएवढी.

त्या रविवारी परतताना सुमतीने थोडी काळी माती आणली होती. ती कुंडीत भरून तिने शेण मिसळलं आणि मेथी पेरली. काही उगवलं नाही. ती रोज थोडं पाणी शिंपडी, अधूनमधून माती वरखाली करी.

शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, रिकाम्या कुंडीची एवढी उठाठेव कशाला.

"रिकामी नाहीये ती," सुमती म्हणाली. "आजारी आहे."