थर्मोस्टॅटची रिकामी जागा

अग्निनारायणास वंदन करून, पौषातील चिखलदऱ्याच्या प्रवासानिमित्त पुन्हा भेटलेल्या अकोल्याच्या एका मिस्त्रींचे हे स्मरण.

आमच्या डिझेल गाडीचा हीटर गार वारा सोडी आणि थंडीत पत्नीला दम लागे. मिस्त्रींनी इंजिन सुरू केले, रेडिएटरच्या नळीवर तळहात ठेवला आणि डोळे मिटले. नळी आरंभापासूनच कोमट होत गेली.

"इंजिन तापेपर्यंत पानी अडवणारा थर्मोस्टॅटच नाही इथं," ते म्हणाले. झाकण उघडले, जागा रिकामी होती.

"कोणी काढला?" पत्नीने विचारले.

"मीच जी, काकू. मागच्या उन्हायात तुमची गाडी माह्याकडे आली, तवा इंजिन तापू नये म्हून काढला. उन्हायाले भेलो, हिवाया येते हे इसरलो."

त्यांनी नवा बसवला. काही वेळाने पत्नीने शाल उतरवली.

वाचकहो, आपल्या घरीही अग्नी असाच मापात नांदो.