एकशे बारा कुंड्या

यून-छिंग माझी कॉलेजपासूनची मैत्रीण. मी साहित्य घेतलं. ती ताइनानमध्येच नगररचनेच्या पदव्युत्तर वर्गात गेली. ती कधी दुसरी आलेली मला आठवत नाही.

त्या सत्रात त्यांच्या स्टुडिओला, म्हणजे आराखडे करायच्या तासाला, एकच काम होतं. देवळामागची एक गल्ली. सावली वाढवायची, गाड्या कमी करायच्या, पावसाचं पाणी जमिनीत मुरवायचं, आणि राहणाऱ्यांना हलवायचं नाही. ज्याचा आराखडा निवडला जाईल, तो पालिका खरोखर बांधणार होती. यून-छिंगला तो आपलाच हवा होता. तीन महिने ती गल्लीचे उतार मोजत होती.

तिचा वर्गमित्र हाउ-येन तिथे नुसता चहा पीत बसायचा. त्याने दारांपुढच्या कुंड्यांचा नकाशा काढला. एकशे बारा कुंड्या. कोणती कुणाची, कोणती गाडी अडवायला ठेवलेली, कोणत्या दोन कुंड्यांच्या मधे बसून म्हाताऱ्या, म्हणजे गल्लीतल्या आमा, भाजी निवडतात. ही गल्ली कुंड्यांनीच आखलेली आहे, असं त्याचं म्हणणं. आपण फक्त खालचं काँक्रीट फोडावं. स्टुडिओ शिकवणारे ल्याव सर त्याच्या टेबलापाशी अर्धा तास थांबले. यून-छिंगच्या टेबलापाशी पाच मिनिटं.

"त्याला साधा उतार काढता येत नाही," ती मला म्हणाली. "आमांनी कापलेले पेरू खातो, आणि त्याला म्हणे पाहणी."

निवड गल्लीतच, सकाळी आठला होती. त्या दिवशी पहाटेच तिने मला तिथे बोलावलं. मापं घ्यायचीत म्हणाली. आमा व्यायामाला गेल्या होत्या. तिथून बाजार करून त्या आठनंतर परततात. मी पोचले तेव्हा ती कुंड्या हलवत होती. कांद्याची पात इकडे, कोरफड तिकडे.

"बघतेस काय, धर," ती म्हणाली.

मी धरली.

आठला सर आले, पालिकेची माणसं आली. हाउ-येनने नकाशा उघडला. गल्ली नकाशाशी जुळेना. काल बरोबर होता, एवढंच तो म्हणाला. यून-छिंग पुढे झाली आणि तिने आपला आराखडा उलगडला.

तेवढ्यात आमा परतल्या.

"कुणाचे हात शिवशिवले गं?" श्ये आमा म्हणाल्या. "ही कोरफड इथून हलली की हिचा जावई गाडी घुसवतो."

"माझा जावई तुमच्या सुनेपेक्षा बरा," शेजारीण म्हणाली.

पिशव्या खाली ठेवून त्या भांडत, हसत कुंड्या उचलू लागल्या. कुणी कुणाला जागा विचारली नाही. पालिकेचा माणूस नकाशावर बोट ठेवून बघत राहिला. एकेक कुंडी बरोबर त्या बोटाखाली येत होती.

शेवटची यून-छिंगच्या पायाशी होती. तिने ती उचलली आणि तशीच उभी राहिली.

"खांबापाशी, पोरी," श्ये आमा म्हणाल्या. "तीन महिने रोज हिला ओलांडून जात होतीस ना?"

कुणी हलवल्या, असं सरांनी विचारलं. माझी मान खाली गेली.

"मी," यून-छिंग म्हणाली. माझं नाव तिने घेतलं नाही.

पालिकेने हाउ-येनचा आराखडा घेतला. तो तिच्याजवळ आला. उतारांचं तू बघशील का, मला ते जमत नाही, असं हळूच म्हणाला.

"तुझे तू मोज," ती म्हणाली.