तुडुमाची दोन कुलुपं

मालगुजारी गेली आणि आंबेटोल्याचे देवाजी गहाणे सरपंच झाले, तिथूनच त्यांच्या डोक्यात वारं शिरलं. माणूस कष्टाळू, हाताचा सढळ; पण ताठा असा की पायात काटा मोडला तरी चारचौघांत लंगडायचे नाहीत.

आंबेटोला आणि कोसमगाव यांच्या मधोमध मोठा तलाव. आजवर तिथे मालगुजाराचा, म्हणजे जुन्या जमीनदाराचा, हुकूम चाले. तो चांद्याला जाऊन बसला आणि तलाव नेमका कुणाचा, हे दोन्ही ग्रामपंचायतींना उमगेना. पाळीवर, म्हणजे तलावाच्या बांधावर, माती टाकायची वेळ आली की तो दुसऱ्याचा, पाणी सोडायची वेळ आली की आपला!

एका पावसाळ्यात कोसमगावच्यांनी न विचारता पाणी सोडलं. देवाजी संतापले. पाळीतल्या ज्या दगडी मोरीतून पाणी शेतांकडे जातं, त्या तुडुमाला त्यांनी साखळी घालून कुलूप ठोकलं. कोसमगावचे सरपंच लालसू मडावी काही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. त्यांनी त्याच साखळीला दुसरं कुलूप लावलं. आता दोघं आल्याशिवाय थेंब सुटणार नव्हता, आणि दोघं तर एकमेकांच्या सावलीला उभे राहत नव्हते.

दसरा उलटला. धान लोंबीत आलं आणि शेवटच्या पाण्यासाठी माना टाकू लागलं. लालसूंनीच राग गिळला, निरोप धाडला की सकाळी या, मिळून उघडू. देवाजींनी उत्तर दिलं, "आमच्या धानाले घाई नाई."

गाव चक्रावलं. खरी गोष्ट एकट्या देवाजींना ठाऊक होती. करदोड्याला बांधलेली चाबी तलावात आंघोळ करताना सुटून पडली होती. तेव्हापासून आंघोळीच्या निमित्ताने ते पायांनी गाळ चाचपत होते. ज्या लालसूंना कुलूप ठोकताना भर पाळीवर दम दिला, त्यांच्यापुढे हे सांगायचं कोणत्या तोंडानं?

बायकोपासून मात्र काय लपतं? त्या दिवशी ते पुन्हा धोतर घेऊन निघाले, तशा सुगंधाबाई दारात उभ्या राहिल्या.

"चाबी बुडवली ना?"

देवाजी धोतराची घडी घालू लागले.

"लोंब्या पोचट होऊन राह्यल्या. दोन गावचं जेवण आहे ते. तुमचा ताठा शिजवून वाढू का पोराईले?"

देवाजींना ते फार लागलं. धोतर खुंटीवर टाकून ते तडक कोसमगावला गेले. लालसू अंगणात खाट विणत होते.

"लालसूभाऊ, माही चाबी तलावात पडली. सांगाची लाज वाटली मले."

लालसूंच्या हातातली दोरी थांबली. "मले वाटलं, तुमी आमचं धान मारून राह्यले."

"माहंही मेलंच असतं."

लालसू उठले, कुऱ्हाड घेतली. पाळीवर येऊन त्यांनी आपलं कुलूप चाबीनं उघडलं आणि कुऱ्हाड देवाजींपुढे धरली. "तुमचं तुमीच तोडा, भाऊ. म्या तोडलं तर लोक भलतंच बोलतील."

हा माणूस आपली अब्रू राखतोय, हे देवाजींच्या ध्यानात आलं आणि त्यांना भरून आलं. त्यांनी घाव घातला. पाणी खळाळत निघालं, दोन्ही शिवारांकडे.

त्या हंगामानंतर दोन्ही पंचायती पहिल्यांदाच एका सतरंजीवर बसल्या. भांडण झालंच, दुपारपर्यंत पुरलं. पण ठरलं: तुडुमाला कुलूप नको, पाणी वाटायला तलावात मासे धरणाऱ्या लच्छू ढिवराला नेमायचं, आणि उन्हाळ्यात दोन्ही गावांनी मिळून गाळ काढून पाळीवर टाकायचा.

वैशाखात तलाव आटला. दोन्ही गावं टोपल्या घेऊन उतरली. खोदता खोदता लालसूंच्या फावड्याला काहीतरी लागलं. गंजलेली चाबी. त्यांनी ती पुसली आणि देवाजींच्या हातावर ठेवली.

देवाजी तिच्याकडे बघून हसले. शेजारी भरलेल्या टोपलीत त्यांनी ती खोल दाबली, टोपली डोक्यावर घेतली आणि पाळ जिथे खचली होती, तिथे नेऊन ओतली.

"लालसूभाऊ, चोपा," ते म्हणाले. "इथी माती कमी पडून राह्यली."