दुधाचा एक थेंब आणि टाकीचं पाणी

मी कल्याणच्या एका कॉलेजात रसायनशास्त्र शिकवतो आणि खोटं बोलत नाही, असा आमच्या डोंबिवलीच्या सोसायटीत माझा लौकिक होता. त्याचा मी गैरफायदा घेतला, तो इथे कबूल करतो.

सोसायटीचे सेक्रेटरी सत्तरीचे. माझी आडवी लावलेली स्कूटर त्यांनी मला चारचौघांत दोनदा काढायला लावली होती. एवढंच कारण. वार्षिक सभेत मी टेबलावर दोन ग्लास ठेवले. एकात आमच्या फिल्टरचं पाणी, दुसऱ्यात गच्चीवरच्या टाकीचं. दिवे घालवून लेझरचा लाल किरण सोडला. फिल्टरच्या पाण्यातून तो न दिसता पार गेला. टाकीच्या पाण्यात लाल रेघ उमटली.

“यात कण आहेत,” मी वर्गातल्या आवाजात म्हणालो. “इतके बारीक, की नुसत्या डोळ्यांना दिसत नाहीत, तळाशीही बसत नाहीत. त्यांच्यावर आपटून प्रकाश विखुरतो. याला कलिल म्हणतात.”

शास्त्र चोख होतं. फक्त त्या ग्लासात मी घरून निघताना दुधाचा एक थेंब सोडला होता.

“म्हणजे वर्षभर आम्ही हे पितोय?” तळमजल्यावरच्या काकू सेक्रेटरींना म्हणाल्या. “पोरांची पोटं उगाच नाय बिघडत.”

रविवारी टाकी उपसली. सेक्रेटरी स्वतः शिडी चढून आत डोकावले. तळ लख्ख होता. “कण मला कुठे दिसणार,” म्हणाले आणि पंधरा वर्षं सांभाळलेल्या कामाचा राजीनामा लिहून दिला.

मला जेवण जाईना. शेवटी बायकोला सांगितलं. ती म्हणाली, “दूध नासवायचं सोडून माणूस नासवलास. जा वर.”

वरच्या मजल्यावर सेक्रेटरींकडे गेलो. सगळं सांगितलं.

“एकच थेंब?”

“एकच.”

“गाईचं की म्हशीचं?”

“पिशवीचं.”

“सभेत बदनामी झाली सर, सभेतच सांगा.”

त्यासाठी मुद्दाम बोलावलेल्या सभेत मान खाली घालून सांगितलं. काकूंनी सेक्रेटरींची माफी मागितली. राजीनामा मागे घ्या, असा सगळ्यांनी आग्रह धरला.

“नावाला डाग लागला होता, तो धुतला गेला. मला पुरे,” ते म्हणाले. “पण काम आता सरांनी करावं. पाण्यातलं त्यांना कळतं.”

एरवी या पदाचा विषय निघाला की लोक चपला शोधायला लागतात. त्या दिवशी सगळे हात वर गेले. पहिला माझ्या बायकोचा.