दिव्याच्या जागी मामा

गोळी लागली तरच पोलीस कर्तव्यावर मेला, असं तुम्हीही मानता का? "अपघातच की तो," हे वाक्य गेल्या काही आठवड्यांत इतक्यांदा ऐकलंय, की आता भांडायचंही त्राण उरलेलं नाही.

माझे मामा हवालदार होते. कुर्डुवाडीच्या रस्त्यावर तिन्हीसांजेला उसाच्या ट्रॉलीचं चाक निखळलं. मागून येणाऱ्यांना वळवत ते विजेरी घेऊन तिच्यामागे उभे राहिले... आणि एका भरधाव पिकअपने त्यांना उडवलं. मामीचा फोन आला तेव्हा मी सोलापुरात मोर्चाच्या पत्रकांच्या घड्या घालत होते. या पत्रकांवरूनच मामांची आणि माझी जुंपायची. ती वाचत, वाटतच मी वाढले. खाकी दिसली की माझी जीभ सुटायची. मामा म्हणायचे, "उद्या बंदोबस्ताला मीच हाय. घोषणा जरा दमानं दे बाई, घसा बसला की तुजी आई मला बोलती."

गळीत हंगामात मात्र त्यांचंही एक आंदोलन चालायचं, एकट्याचं. ट्रॉली खच्चून भरली की उसाचे शेंडे मागे लोंबतात आणि लाल दिवा त्यांच्याखाली झाकला जातो. अंधारात मागच्याला पुढे काही आहे हेच कळत नाही. म्हणून मामांच्या दुचाकीच्या डिकीत कायम विळा. टपरीवर थांबलेली ट्रॉली दिसली की उतरून शेंडे छाटायला लागायचे. एकदा मी मागे बसले होते. ड्रायव्हर चहा पीत हसला, "सायेब, ऊसतोडीच्या टोळीत नाव घालू का तुमचं? कोयता देतो की."

"घाल की. पण आदी हितं येऊन दिवा पूस. तुज्या मागनं कुणाचं तरी लेकरू येतंय."

त्या संध्याकाळच्या ट्रॉलीलाही दिवा होता, उसाखाली दबलेला. ट्रॉली कललेली, खाली शिरून छाटणं शक्य नव्हतं. दिव्याच्या जागी मामा उभे होते. याला अपघात म्हणायचं तर म्हणा... सलामी झाली, फुलं झाली. दुसऱ्या दिवशी त्याच रस्त्याने ट्रॉल्या तशाच शेंडे लोंबवत गेल्या.

मामीने दुचाकी अजून दारातच ठेवलीय. परवा डिकी उघडली, तर विळ्याच्या मुठीपाशी उसाचं वाळकं पान अडकलेलं होतं. मी ते काढलं नाही. पत्रकांतून आजवर तुमच्याकडे फार मोठमोठं मागत आले. आज एवढंच मागते : थांबलेल्या ट्रॉलीचा दिवा झाकलेला दिसला, तर उतरा, ड्रायव्हरला हाक मारा, आणि तो दिवा उघडा झाल्याशिवाय तिथून हलू नका.