जिलानीमास्तरांचा ग्रोटेस्क्यू

जिलानीमास्तरांचं इंग्रजी बेताचंच होतं. पण रडगाण्याचं इंग्रजी त्यांच्याइतकं अख्ख्या जिल्ह्यात कुणाला येत नव्हतं, हे मी कुठंही सांगेन.

लातूर नवा जिल्हा झाला तेव्हा कचेरीसमोरच्या लिंबाखाली त्यांनी टाइपरायटर मांडला. वडील निजामाच्या राज्यात उर्दूत अर्ज लिहायचे, हे इंग्रजीत. मराठी अर्ज ते हातानं लिहून देत, पण तो लोकांनाच नको असायचा. इंग्रजी म्हणजे वजनदार, साहेब दचकतो, अशी समजूत.

मग दुष्काळ पडला. आधी मास्तरांनी त्याला ‘बॅड’ लिहिलं. सगळ्यांचाच बॅड झाल्यावर ‘टेरिबल’, मग ‘हॉरिबल’, मग ‘हिडियस’. दुष्काळ तोच, शब्द मात्र चढत गेला. शेवटी जुन्या डिक्शनरीत त्यांना ‘ग्रोटेस्क’ सापडला. स्पेलिंगच्या शेपटीवर विश्वास ठेवून ते त्याला ‘ग्रोटेस्क्यू’ म्हणत. खेड्यातल्या माणसांनी त्याचा गोटसकू केला. “मास्तर, आमच्या हिरीला गोटसकू लावा बरं का,” असं लोक बजावून सांगत. देवणीच्या एका गड्यानं तर मेलेल्या बैलालाही लावून घेतला. अर्थ कुणीच विचारला नाही. टँकर यायचा तेव्हाच यायचा.

पंचफुला निलंग्याकडची. बहात्तरच्या दुष्काळात सरकारी कामावर खडी फोडताना दगडाची कपची उडून तिच्या गालात घुसली. गाल आत ओढला गेला, तोंड एका बाजूला वळलं. पुढं नवरा वारला. मुलगी सातवीत होती, हुशार होती, आणि गावात पुढची शाळा नव्हती. लातुरात मुलींचं नवं सरकारी वसतिगृह निघालं, तिथं स्वयंपाकीण हवी होती. ती जागा मिळाली की मुलीलाही तिथंच ठेवता येणार होतं. पंचफुलाला दुसरं काही नको होतं.

मास्तरांना तिची दया आली. सरकारी कामावर लागलंय, तर सरकारला पाझर फुटलाच पाहिजे, म्हणाले. गोटसकू त्यांनी तिच्या चेहऱ्याला लावला, आणि वर एक हिडियस.

तिला कुणी भेटायलासुद्धा बोलावलं नाही. कचेरीतून उत्तर तेवढं आलं: अर्जात वर्णन केल्याप्रमाणे चेहरा असल्यास मुली घाबरतील, सबब विचार करता येत नाही.

ती उन्हातून आली, लिंबाच्या बुडाशी बसली. रागावण्याइतकंही त्राण तिच्यात उरलं नव्हतं.

“मास्तर, काय लिव्हलं व्हतं माझं?”

“नेहमीचंच, बाई. जरा वजनदार.”

“मराठीत काय म्हणत्यात त्याला?”

मास्तरांनी उगीचच मशीनवरची धूळ पुसली. विद्रूप, ओंगळ, भेसूर. समोर बाई बसलेली, आणि यातला एकही शब्द जिभेवर येईना.

“भेसूर,” शेवटी खाली बघत ते म्हणाले.

पंचफुलानं आत ओढलेल्या गालावरून हात फिरवला.

“मराठीत लिव्हाया घेतलं असतं तर तुमचाच हात थांबला असता, मास्तर.”

या वाक्याचा मला अजून राग येतो, कारण ते खरं आहे. परक्या भाषेत माणसाला काहीही म्हणावं, आपल्या जिभेला ठेच लागत नाही. आम्ही शिकलेली माणसं तर तेवढ्यावर जगतो.

मास्तरांनी टाइपरायटर बाजूला सारला, कोरा कागद घेतला आणि पेन उघडलं. जागा अजून रिकामीच होती. तेवढ्या पगारात स्वयंपाक करून वर पाण्यासाठी हापशावर उभं राहायला कोण येणार?

“सांगा बाई, काय लिहू?”

“वस्तीतल्या लग्नाचा सैपाक मीच करते, म्हणावं. पोतंभर तांदूळ एकटी शिजवते. भाकरी कधी करपू दिली न्हाई.”

त्यांनी लिहिलं. मग चाचरत विचारलं, “आणि चेहऱ्याचं?”

“त्यो काय लिव्हायचा? मी संगं घिऊन जाते की.”

ती कागद घेऊन आत गेली. मास्तरांचं कामात लक्ष लागेना. औशाचे किशनराव ‘भारी शब्द टाका’ म्हणून मागं लागले होते, त्यांना त्यांनी उद्या या म्हणून वाटेला लावलं. डोळे कचेरीच्या दाराकडं.

बऱ्याच वेळानं ती बाहेर आली. मास्तर उठून उभे राहिले.

“काय म्हणाले साहेब? घाबरले?”

“सोमवारपून ये म्हनले. पोरीला बी घिऊन ये म्हनले.” पंचफुला लिंबाला टेकली. आनंद झाला होता, पण तो चेहऱ्यावर आणायलाही ती दमली होती. “कागद वाचला, सही केली. वर बघितलंच न्हाई, मास्तर.”